खाजेच्या शोधाची हकीकत

आज मी तुम्हाला एका किड्याची, एका सुईची आणि एका शब्दाची हकीकत सांगणार आहे. हकीकत तीनशे वर्षांपेक्षा जुनी आहे आणि तिची सुरुवात परमुलखात होते. पण तिचा शेवट मात्र उद्या सकाळी तुमच्या गावच्या शाळेत, पहिलीच्या किंवा दुसरीच्या वर्गात व्हायचा आहे. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनी तर ती ऐकावीच, पण शिक्षक मित्रांनी जरा अधिक कान देऊन ऐकावी, अशी माझी विनंती आहे.

मी लहान असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठले होते आणि तो सारखा खाजवी. त्याला दाराशी, सगळ्यांपासून दूर गोणपाटावर बसवले जाई. कोणी त्याच्या पाटीला हात लावत नसे. "घाणेरडा आहे, आंघोळ करीत नाही," असे आम्ही पोरे म्हणत असू, आणि मोठी माणसेही तेच म्हणत. काही महिन्यांनी त्याने शाळा सोडली. तो पुढे काय झाला, कोठे गेला, हे मला ठाऊक नाही. परंतु पुढे जेव्हा मी ही हकीकत वाचली, तेव्हा त्या मुलाची आठवण होऊन मला लाज वाटली. कारण त्याचा दोष काही नव्हता, आणि त्याचा आजार दोन रात्रींच्या उपायाने जाण्यासारखा होता.

तो आजार म्हणजे खरूज. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'पामा' या नावाने एक खाजरा त्वचारोग सांगितला आहे, त्यात खरजेची बरीच लक्षणे दिसतात. गंधकाचा लेप तर अनेक देशांतल्या वैद्यांना पूर्वीपासून माहीत होता. म्हणजे रोग जुना, औषधही जुने. पण रोग होतो कशाने? इथे मात्र सारे विद्वान चुकले होते. युरोपात दीड-दोन हजार वर्षे असे मानीत की शरीरातले रस बिघडतात, रक्त दूषित होते आणि ती घाण कातडीवाटे बाहेर पडते. आपल्याकडेही अजून 'रक्त खराब झालंय' असे आपण सहज म्हणतोच की!

आता पाहा गंमत. इटलीत लिव्होर्नो नावाचे एक बंदर आहे. तेथे १६८७ साली, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराजांचे राज्य होते त्या काळात, जोव्हान कोसिमो बोनोमो नावाचा एक तरुण डॉक्टर आणि दियाचिंतो चेस्तोनी नावाचा एक औषधविक्या राहत असत. या दोघांच्या असे ध्यानात आले की गरीब बायका आपल्या खरजाळलेल्या मुलांच्या हातातून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक काढतात आणि नखावर चिरडतात. बंदरावर राबणारे गुलामही एकमेकांच्या हातातून तसेच काढीत. विद्वानांना हे दिसले नव्हते असे नाही, पण बायाबापड्यांच्या या उद्योगाकडे त्यांनी कधी लक्ष दिले नव्हते. या दोघांनी दिले. त्यांनी तो पांढुरका ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि काय पाहतात, तर तो ठिपका चालतो आहे! त्यांनी त्याचे चित्र काढले, त्याचे अंडे पाहिले, आणि फ्रांचेस्को रेदी या त्या काळच्या नामवंत शास्त्रज्ञाला पत्र लिहून कळवले की खरूज रक्तातून येत नाही, ती या किड्यामुळे होते. हा किडा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो, म्हणूनच रोग पसरतो. आणि म्हणूनच पोटात औषध देऊन उपयोग नाही, ते बाहेरून कातडीला लावले पाहिजे.

एका सूक्ष्म जीवामुळे माणसाला एक ठरावीक रोग होतो, असे पुराव्यानिशी सांगणारे हे जगातले अगदी पहिल्यापैकी एक पत्र. पण झाले काय? पोपचा वैद्य लान्चिसी हा मोठा वजनदार माणूस. त्याला हे पटले नाही. रस बिघडल्याशिवाय रोग होईलच कसा, हा त्याचा सवाल. मोठ्यांपुढे लहानांचे चालले नाही आणि किडा पुन्हा दीडशे वर्षे विसरला गेला.

मध्यंतरी आणखी एक प्रकार घडला. पॅरिसमध्ये १८१२ साली गालेस नावाच्या एकाने प्रबंध लिहून 'मला किडा सापडला' असे जाहीर केले. त्याचे कौतुक झाले. पण पुढे इतरांना तो किडा काही केल्या सापडेना. शेवटी त्याच्या चित्राची तपासणी झाली, तेव्हा ते चित्र चीजमध्ये होणाऱ्या किड्याचे निघाले! झाले, खऱ्या किड्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

मग आला १८३४ चा ऑगस्ट महिना. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाचा एक विद्यार्थी होता, कॉर्सिका बेटावरचा. त्याने आपल्या गावाकडच्या बायकांना सुईने किडा काढताना लहानपणापासून पाहिले होते. मोठमोठे प्राध्यापक फोडाच्या आत किडा शोधत आणि तो तेथे नसे. रेनुचीने सांगितले, "फोडात पाहू नका. त्याच्या शेजारी कातडीत एक बारीक वाकडी रेघ दिसते ना, तिच्या टोकाला पाहा." आणि सर्वांदेखत त्याने सुईच्या अग्रावर किडा काढून दाखवला. दीडशे वर्षांचा वाद एका खेड्यातल्या पोराने, आईबायांकडून शिकलेल्या विद्येने मिटवला. पुढे १८४४ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा या त्वचारोगतज्ज्ञाने पुष्कळ रोगी तपासून, स्वतःच्या अंगावरही प्रयोग करून, ही गोष्ट पक्की केली.

हा किडा म्हणजे गोचिडीच्या जातकुळीतला, आठ पायांचा जीव. मादी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा पाडीत जाते आणि त्यात अंडी घालते. तीच ती वाकडी रेघ.

श्रोतेहो, येथे हकीकतीचा पहिला भाग संपला. किडा सापडला, पण खाज का सुटते हे अजून कळले नव्हते. तुम्ही म्हणाल, यात कळायचे काय? किडा चावतो म्हणून खाज सुटते! तसे नाही बरं का. याचे उत्तर फार निराळ्या ठिकाणी सापडले.

आपण पुन्हा व्हिएन्नाला जाऊ. साल १९०५. तेथे मुलांच्या रुग्णालयात क्लेमेन्स फॉन पिरके आणि बेला शिक हे दोन डॉक्टर काम करीत. त्या काळी घटसर्पाने मुले पटापट दगावत. त्यावर घोड्याच्या रक्तातून काढलेली लस टोचीत आणि पुष्कळ मुले वाचत. पण काही मुलांना टोचल्यानंतर आठ-दहा दिवसांनी ताप भरे, अंगावर गांधी उठत, सांधे सुजत. आणि त्याच मुलाला पुढे कधी दुसऱ्यांदा लस टोचली, तर हाच प्रकार आठ-दहा दिवस न थांबता काही तासांत किंवा एक-दोन दिवसांतच होई. औषध तेच, मूलही तेच. मग बदलले काय? पिरकेने उत्तर दिले, मुलाचे शरीर बदलले. पहिल्या भेटीत त्याने त्या पदार्थाची ओळख करून घेतली, आणि दुसऱ्या भेटीला ते तयारीत बसले होते. या बदललेल्या वागण्याला १९०६ साली त्याने ग्रीक भाषेतून एक नवा शब्द केला. तो शब्द म्हणजे 'अ‍ॅलर्जी'. आज खेड्यातल्या दवाखान्यातही हा शब्द ऐकू येतो, त्याचा जन्म हा असा आजारी मुलांच्या खाटांशेजारी झाला.

हीच गोष्ट १९२१ साली जर्मनीत दोन डॉक्टरांनी मोठ्या धाडसाने सिद्ध केली. त्यांतल्या क्युस्टनरला शिजवलेला मासा सोसत नसे. खाल्ला की अंगभर गांधी. प्राउस्निट्झला मासा खुशाल पचे. प्राउस्निट्झने क्युस्टनरच्या रक्तातले पाणी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचला. तत्काळ तेथे गांध उठली! म्हणजे अ‍ॅलर्जी मनाचा खेळ नव्हे. ती रक्तात असते. रक्तातला तो पदार्थ कोणता, हे १९६६-६७ साली इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनचे शास्त्रज्ञ यांनी शोधून काढले. त्याला 'आयजीई' असे नाव आहे.

आता किडा आणि शब्द यांची गाठ कशी पडली ते ऐका. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सैनिकांत आणि लोकांत खरूज फार पसरली. तेथे शेफील्ड गावी केनेथ मेलॅन्बी या कीटकशास्त्रज्ञाने १९४१ पासून प्रयोग सुरू केले. ज्यांनी तत्त्वासाठी लढाईवर जाण्यास नकार दिला होता, असे काही शांततावादी तरुण त्याला स्वयंसेवक म्हणून मिळाले. खरजेच्या रोग्यांनी वापरलेल्या, न धुतलेल्या घोंगड्यांत हे तरुण उघड्या अंगाने रात्र-रात्र झोपले. अपेक्षा अशी की सगळ्यांना खरूज होईल. झाली ती फारच थोड्यांना! रोग पसरतो तो मुख्यतः अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून, मूल कडेवर घेऊन, हात बराच वेळ हातात धरून. कपड्यांवाटे त्या मानाने कमी.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्यांना पहिल्यांदाच किडा लागला, त्यांना जवळजवळ महिनाभर खाजच सुटली नाही! किडा अंगात आहे, अंडी घालतो आहे, माणूस मात्र खुशाल. महिन्याने शरीराला त्याची ओळख पटली आणि मग रात्र-रात्र खाज. अशा माणसाला बरे करून पुन्हा किडा लावला, तर चोवीस तासांच्या आत खाज हजर. हा तर पिरकेचाच नियम. खरजेची खाज ही किड्याविषयीची अ‍ॅलर्जीच होय. आणि किडे तरी किती? मोठ्या माणसाच्या सबंध अंगावर सरासरी अकरा-बारा माद्या. निम्म्याहून अधिक रोग्यांत तर पाच किंवा त्याहूनही कमी. एवढ्याशा पाहुण्यांसाठी सारे अंग पेटून उठते.

तुम्ही विचाराल, या इतिहासाचा आम्हाला उपयोग काय? सांगतो. यातून तीन गोष्टी निघतात, आणि त्या न कळल्यामुळेच खरूज घरातून जात नाही.

पहिली: घरात एका मुलाला खरूज झाली, तर औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावले पाहिजे. आजीला खाज नाही, धाकट्याला खाज नाही, म्हणून त्यांना सोडू नका. महिनाभर खाज न येता किडा अंगात राहतो, हे आपण आत्ताच ऐकले. एकाला सोडले की तोच पुढच्या महिन्यात सगळ्यांना परत देतो. आज डॉक्टर बहुधा परमेथ्रिनचे मलम देतात. ते खाजणाऱ्या जागेपुरते नव्हे, तर मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही लावून रात्रभर ठेवायचे, आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावायचे. तान्ह्या मुलाला मात्र डोक्यालाही लावावे लागते आणि ते डॉक्टरांना विचारूनच लावावे.

दुसरी: औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. किडे मेले तरी शरीराचा राग लगेच उतरत नाही. म्हणून 'गुण नाही' असे समजून रोज-रोज औषध चोपडू नका. त्याने कातडी भाजते. मात्र चार आठवड्यांनंतरही खाज राहिली किंवा नव्या पुळ्या आल्या, तर पुन्हा दाखवा.

तिसरी: अंथरुण-कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा. अंगावाचून हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. आणि गुरुजी, रात्री औषध लावलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येऊ द्या. त्याला दाराशी बसवू नका.

खरूज साधी समजून सोडूनही चालत नाही. खाजवून जखमा होतात, त्यांत पू होतो, मधासारखी पिवळी खपली धरते. काही मुलांत या पुवाच्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येते. मुलाचे तोंड सकाळी सुजलेले दिसले, लघवी लाल किंवा चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला, तो उगाच नव्हे. फिजी बेटांवर संपूर्ण वस्तीला एकाच वेळी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा वर्षभरात खरूज शेकडा बत्तीसवरून शेकडा दोनवर आली, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांनी एकदम, हाच तो मंत्र.

आता मुलांच्या अंगावर उठणारे सारेच काही खरूज नसते. ओळख अशी ठेवा. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, बेंबी येथे पुरळ, रात्री जास्त खाज, आणि घरात दुसराही कोणी खाजवतो, ती खरूज. कडेला उंच, मध्ये स्वच्छ, असे वाढत जाणारे चकंदळ, तो नायटा. अंगावर गांधी उठून तासाभरात एकीकडच्या बसतात आणि दुसरीकडे उठतात, ते आपण 'पित्त उठले' म्हणतो ते. माधवनिदानात यालाच शीतपित्त म्हटले आहे. आणि तान्हेपणी गालांवर, पुढे कोपराच्या व गुडघ्याच्या वळ्यांत कातडी कोरडी, लाल, जाड होते, कधी बरी तर कधी वाईट, आणि घरात कोणाला दमा किंवा शिंकांची सर्दी असते, तो लहान मुलांचा इसब. तो संसर्गाने होत नाही. त्याच्या मुळाशी बऱ्याच मुलांत कातडीचे कुंपणच कच्चे असते, हे २००६ साली कळले. कुंपण कच्चे असले की धूळ, साबण, घाम सारे आत घुसते. म्हणून अशा मुलाला आंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने घालावी, साबण बेताचा लावावा, आणि अंग पुरते कोरडे होण्याआधीच डॉक्टर सांगतील ते साधे, बिनवासाचे मलम किंवा व्हॅसलिन अंगभर लावावे.

स्टेरॉइडची मलमे १९५२ पासून इसबावर आली आणि योग्य हाती ती वरदानच ठरली. पण दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेले मिश्र मलम नायट्यावर लावले, तर खाज थांबते आणि नायटा आतून पसरत राहतो. म्हणूनच २०१८ साली भारत सरकारने अशा कित्येक मलमांच्या मोकळ्या विक्रीवर निर्बंध घातला.

घरगुती उपायांनाही विचार हवा. 'कामात बिब्बा घालणे' असे आपण म्हणतो. कातडीला बिब्बा लावला तर तो खरोखरच काम बिघडवतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर चट्टे उठू लागले. लष्करी डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा १९४३ साली असे दिसले की धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करतो, नेमके तेथेच चट्टे! मग मुलाच्या नाजूक कातडीला बिब्बा कशाला? तसेच गाजरगवत. हे परदेशी तण पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले, आणि १९७४ पर्यंत त्यामुळे शेतकऱ्यांच्या अंगाला होणारा त्रास वैद्यकीय मासिकांत येऊनही गेला. मोठ्यांना तो जास्त होतो, पण मुलांना ते गवत उपटायला लावू नये.

शेवटी खाण्याविषयी दोन शब्द. पूर्वी डॉक्टर सांगत, इसबाच्या बाळाला शेंगदाणा वर्षानुवर्षे देऊ नका. २०१५ साली लंडनमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत उलटेच निघाले. चार ते अकरा महिन्यांच्या वयात ज्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ कमी दिसली. शास्त्र आपली चूक अशी उघडपणे दुरुस्त करते. मात्र ज्या बाळाला मोठा इसब आहे किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. आणि अख्खा दाणा कोणत्याच लहान मुलाला देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक कूट करून पेजेत मिसळावा. परंतु काहीही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर मुलाचे ओठ सुजले, आवाज बसला, श्वास घुरघुरू लागला किंवा ते निपचित पडले, तर हळद-तूप करीत बसू नका. मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्या. अ‍ॅड्रेनलिनचे एक इंजेक्शन तेथे प्राण वाचवते.

श्रोतेहो, ही हकीकत त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांच्या सुईपासून सुरू झाली. त्या मुलाचा हात हातात घेऊन, उजेडात धरून, बारकाईने पाहत होत्या. विद्वानांनी मान फिरवली होती, त्यांनी हात धरला होता. तुमच्या वर्गात उद्या एखादे मूल खाजवताना दिसले, तर त्याला दाराशी बसवण्याआधी त्याचा हात उजेडात घेऊन पाहा, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगा, "आज रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून औषध लावा." त्याने एक मूल शाळेत टिकेल. एवढेच आज सांगायचे होते.